पंधरावा आठवडा : थंडी, गारा, धुके आणि बत्तीस किलोमीटर

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिचा सराव आम्ही नाशिकचे धावणारे सप्टेंबरच्या मध्यावर, पावसाचा जोर ओसरू लागला की सुरू करतो. १८ आठवड्यांच्या या आखणीत पंधरावा आठवडा सर्वांत जड असतो, कारण त्याच्या शेवटी ३२ किलोमीटरची सर्वांत लांब दौड असते आणि त्यानंतरचे तीन आठवडे अंतर कमी करत नेऊन पायांना विसावा द्यायचा असतो. दोनदा अर्धमॅरेथॉन पूर्ण केल्यानंतर वयाच्या ४६ व्या वर्षी मी प्रथमच पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीसाठी नाव नोंदवले होते. चौदा आठवडे ठरल्याप्रमाणे पार पडले. पंधराव्या आठवड्यात मात्र एकही दिवस आदल्या दिवसासारखा उगवला नाही. त्या सात दिवसांत मी काय केले आणि कुठे चुकले, हे सविस्तर लिहिते आहे, कारण याच दिवसांत सराव करणाऱ्या कुणाच्याही वाट्याला असा आठवडा येऊ शकतो.

आमच्या गटाला मार्गदर्शन करणारे सर निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. त्यांनी आखून दिलेला तक्ता माझ्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो. त्या आठवड्यात सोमवारी ताकदीचे व्यायाम, मंगळवारी १० किलोमीटर आणि त्यातले मधले ६ वेगाने, बुधवारी ७ सावकाश, गुरुवारी १४, शुक्रवारी पूर्ण विश्रांती, शनिवारी ५ आणि रविवारी ३२, असे एकूण ६८ किलोमीटर होते. शर्यतीच्या दिवशी एक किलोमीटर सात मिनिटांत, म्हणजे सगळे अंतर पाच तासांच्या आत, असे माझे उद्दिष्ट होते. आखणीच्या तळाशी सरांनी लाल शाईने लिहिले होते, ‘रविवार चुकवू नका, बाकीचे जमेल तसे.’ त्या ओळीकडे मी तेव्हा फारसे लक्ष दिले नव्हते.

सोमवारी थंडीची लाट होती. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा सहा अंशांच्या खाली गेल्याची बातमी सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती आणि नाशिक शहरातही तो आठच्या आसपास होता. निफाडचा भाग गोदाकाठचा, सखल, मोकळा आणि ओलिताचा असल्याने तिथे शहरापेक्षा दोन-तीन अंश कमीच भरतात. आमच्या गटातले आप्पा मखमलाबादचे द्राक्षबागायतदार आहेत. वय ५४, अंगकाठी सडपातळ, आणि चढावर आम्हा सगळ्यांना मागे टाकण्याइतका दम. थंडी वाढली की ते पहाटे तीनला उठून बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि ठिबक सुरू करतात, म्हणजे जमिनीलगतची हवा थोडी उबदार राहते. त्यामुळे थंडीच्या दिवसांत मैदानावर ते येतात तेव्हा त्यांच्या स्वेटरला धुराचा वास असतो आणि आम्ही अजून डोळे चोळत असताना त्यांचा अर्धा दिवस उलटून गेलेला असतो.

मंगळवारी पहाटे साडेपाचला आम्ही गोल्फ क्लबच्या मैदानावर जमलो. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, पण नाशिककरांच्या तोंडी गोल्फ क्लबच. थंडीत धावताना कपड्यांचा अंदाज चुकला तर सगळेच चुकते. धावायला लागल्यावर शरीरात इतकी उष्णता निर्माण होते की बाहेर आहे त्यापेक्षा आठ-दहा अंश अधिक धरूनच कपडे घालावेत, असा सरांचा नियम आहे. म्हणून उभे असताना दातावर दात वाजत असले तरी अंगात पूर्ण बाह्यांचा एकच पातळ टीशर्ट, हातमोजे आणि कानांवर पट्टी एवढेच घालायचे, आणि जाडजूड स्वेटर मैदानाच्या कठड्यावर ठेवून द्यायचा. त्या दिवशी मी एरवीच्या दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटे अंग मोकळे केले. आधी चालणे, मग संथ धावणे, मग घोटे आणि मांडीचे सांधे फिरवणे, कारण गारठलेला स्नायू एकदम ताणला की पोटरी धरते. कोरडी थंड हवा तोंडाने ओढली की घशात खवखव होते आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्यांच्या श्वासनलिका आवळतात. त्यामुळे पहिले दोन किलोमीटर मी नाकातोंडावर ओढणीसारखा रुमाल बांधून धावले आणि श्वास उबदार झाल्यावर तो मनगटाला गुंडाळला.

त्यानंतरचे सहा किलोमीटर मी किलोमीटरला सहा मिनिटे पंचवीस सेकंदांच्या वेगाने धावले, आणि ते मला जराही अवघड गेले नाहीत. थंड कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, शरीर आपोआप थंड राहते आणि हृदयाला रक्त त्वचेकडे ढकलण्याचे जादा काम करावे लागत नाही. त्यामुळे त्याच श्रमात पाय अधिक वेग देतात. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. नाशिकच्या मुलामुलींना धावण्याची ओढ लागली त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि अशा पहाटे आमच्या शेजारून सहज पुढे निघून जाणाऱ्या शाळकरी मुली पाहिल्या की त्याचा प्रत्यय येतो. मंगळवारी घरी परतताना मला स्वतःबद्दल फार खात्री वाटत होती. ती खात्री थंडीने दिलेली होती, हे मला दोन दिवसांनी कळले.

बुधवारी पहाटे दार उघडले तेव्हाच फरक जाणवला. आदल्या दिवशी उत्तरेकडून येणारा बोचरा वारा पडला होता, आभाळ भरले होते आणि पारा एका रात्रीत सहा अंशांनी चढला होता. ढगांचे पांघरूण असले की जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता रात्री वर निघून जात नाही, म्हणून थंडी एकाएकी गायब होते. त्यातच उत्तरेकडे पश्चिमी झंझावात सरकत होता आणि समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे वारे राज्यावर येऊन त्याला भेटत होते. या दोहोंची गाठ उत्तर महाराष्ट्रावर पडली की डिसेंबरातही पाऊस आणि गारा होतात, हे आमच्या भागातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने निफाड परिसरातल्या बागांची जी दैना केली, ती कुणी विसरलेले नाही. सात किलोमीटर सावकाश धावून झाल्यावर आप्पा आभाळाकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, हे वातावरण काही खरं नाही. दोन दिवसांत येतंय बघा.” त्यांच्या दोन प्लॉटपैकी एकाची छाटणी सप्टेंबरातच झालेली होती, त्याचे मणी पिकू लागून त्यांत पाणी उतरले होते आणि पंधरा-वीस दिवसांत तो तोडणीला येणार होता.

गुरुवारची चूक मी सविस्तर सांगते, कारण सगळ्या आठवड्यात शिकण्यासारखे तेच होते. हवा १८ अंशांची, वारा अजिबात नाही आणि दमटपणा एवढा की मैदानाच्या कठड्यावरून हात फिरवला तर ओला होत होता. १४ किलोमीटर सात मिनिटे पंधरा सेकंदांच्या वेगाने करायचे होते. हा वेग माझ्या नेहमीच्या बेताचा आहे आणि त्यात माझे हृदयाचे ठोके मिनिटाला १४५ च्या आसपास राहतात. चौथ्या किलोमीटरला टीशर्ट पाठीला चिकटला. सहाव्याला घाम कपाळावरून डोळ्यांत उतरू लागला, आणि तो सुकत नव्हता, नुसता वाहत होता. दमट हवेत घामाची वाफ होत नाही आणि वाफ झाली नाही तर अंग थंड होत नाही. मग शरीर अधिकाधिक रक्त त्वचेकडे पाठवते, पायांच्या वाट्याला कमी उरते आणि दोन्हीकडे पुरे पडण्यासाठी हृदय जोराने पळू लागते. नवव्या किलोमीटरला मी घड्याळात पाहिले तर ठोके १६१ होते. त्या क्षणी वेग कमी करायला हवा होता. पण मंगळवारचे सहा किलोमीटर माझ्या डोक्यात होते. त्याहून पन्नास सेकंदांनी संथ असलेला वेग मला आज जमत नाही, हे मानायला मी तयार नव्हते. मी वेग धरून ठेवला. अकराव्या किलोमीटरला उजव्या बरगडीखाली कळ आली, शेवटचे दोन किलोमीटर मी अक्षरशः ओढत नेले आणि थांबल्यावर बराच वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले.

त्या दिवशी शाळेत पाचव्या तासाला फळ्याजवळ उभे राहवेना. डोके ठणकत होते, मांड्या जड झाल्या होत्या आणि तोंडाला चव नव्हती. दोन दिवसांच्या थंडीत तहान लागत नाही म्हणून मी पाणीही कमी प्यायले होते, तेही आता अंगावर आले. संध्याकाळी सरांना फोन केला आणि सगळे आकडे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “मुंबईत जानेवारीत पहाटे हवा कशी असते?” मी म्हणाले, “दमट.” ते म्हणाले, “मग आज सकाळी तुम्हाला मुंबई घरबसल्या मिळाली होती आणि तुम्ही ती नाशिकच्या घड्याळाने धावलात.”

हे वाक्य मी तक्त्याच्या कडेला लिहून ठेवले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकच्या कोरड्या थंडीत सराव करणाऱ्यांची फसगत नेमकी इथे होते. आठ-दहा अंशांत सहज जमलेला वेग आपला खरा वेग आहे असे आपण धरून चालतो, आणि शर्यतीच्या पहाटे मुंबईत पारा बहुधा १७ ते २० च्या दरम्यान असतो, हवेत समुद्राचा ओलावा असतो आणि आठ वाजून गेल्यावर ऊनही तापू लागते. सरांनी त्यावर उपाय सांगितला तो अगदी साधा होता. घड्याळ मनगटावर असू द्या, पण वेग श्वासावरून ठरवा. लांबच्या दौडीत आपल्याला बोलता आले पाहिजे. एकट्याने धावताना बोलणार कुणाशी, म्हणून मी त्याला माझ्या व्यवसायातली सोय शोधली. मी गणित शिकवते. तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा आणि एका श्वासात ‘तेरा एके तेरा’पासून ‘तेरा चोक बावन्न’पर्यंत पोहोचता आले तर वेग बरोबर आहे असे समजायचे. ‘तेरा त्रिक एकोणचाळीस’वर श्वास तुटला तर थोडा कमी करायचा, आणि ‘तेरा दुणे सव्वीस’च्या पुढे जाता आले नाही तर सरळ चालायला लागायचे. हवा कोरडी असो की दमट, पाढा तोच राहतो, हे मला त्यात आवडले.

शुक्रवार विश्रांतीचा. सकाळी थोडे ऊन पडले म्हणून रविवारी घालायचे बूट धुळीने माखलेले होते ते पुसून, आतले सोल काढून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवले आणि शाळेत गेले. दुपारी तीनच्या सुमारास एकाएकी अंधारून आले, विजा कडाडल्या आणि शाळेच्या पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की शिकवणे थांबवावे लागले. पावसाबरोबर हरभऱ्याएवढ्या गारा पडत होत्या. मुले खिडक्यांकडे धावली, पण शेवटच्या बाकावरचा दिंडोरीकडून येणारा एक मुलगा जागेवरून उठला नाही. त्याच्या घरी बाग आहे हे मला माहीत होते.

घरी आले तेव्हा वीज गेलेली होती आणि बूट बाल्कनीत पाण्याने भरून आडवे पडले होते. माझ्याकडे बुटांचे दोन जोड आहेत. दुसऱ्याच्या टाचा झिजलेल्या असल्याने तो मी फक्त कमी अंतरासाठी वापरते आणि ३२ किलोमीटरसाठी तो घालणे म्हणजे गुडघेदुखीला बोलावणे. ओले बूट गॅसजवळ किंवा हीटरपुढे धरले तर तळव्याचा डिंक सुटतो आणि आतला फोम आखडतो, म्हणून ते सावकाशच वाळवावे लागतात. मी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून दोन्ही बुटांत चवड्यापर्यंत ठासून भरले. तासाभराने काढले तर ते ओलेचिंब निघाले आणि माझ्या हाताला छपाईची शाई लागली. पुन्हा नवे भरले, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा, आणि पहाटे उठून आणखी एकदा. चौथ्या वेळी काढलेला कागद फक्त दमट होता.

शनिवारी सकाळी बारीक बुरबुर चालू होती. ५ किलोमीटरसाठी दुसरा जोड आणि मोजेही भिजवायचे का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर सरांच्या लाल ओळीत होते. शनिवारचे पाच किलोमीटर पाय मोकळे करण्यासाठी असतात, त्यांनी दम वाढत नाही आणि ते सोडल्याने कमीही होत नाही. मी ते सोडले. सरावाच्या आखणीतले सगळे दिवस सारख्या मोलाचे नसतात आणि वातावरण बिघडले की आधी काय सोडायचे हे ठाऊक असणे, हा सरावाचाच भाग आहे असे आता माझे ठाम मत झाले आहे. पाच दिवस चुकले तर सहाव्या दिवशी सगळे भरून काढू असे म्हणणारी माणसे मी शर्यतीच्या आधी दुखापतीने घरी बसलेली पाहिली आहेत.

दहा वाजता आप्पांचा फोन आला. रविवारी येणे होणार नाही, बागेत माणसे कमी पडत आहेत, एवढेच सांगून ते ठेवणार होते. मी विचारले, “मी येऊ का?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “या, पण चिखल आहे हो ताई.”

बागेत मी अडीच तास होते. पाणी उतरलेल्या प्लॉटमध्ये घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले होते. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन असे झाले की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, बाजारात त्याला ‘पिंक बेरी’ म्हणतात आणि त्या मालाचा भाव पडतो. ती टाळण्यासाठी बागायतदार घड कागदाने झाकतात. सोमवारच्या थंडीपासून घडांना जपणारा तोच कागद शुक्रवारच्या पावसाने भिजून मण्यांना चिकटला होता, आणि त्याखाली ओल कोंडून राहिली की घड कुजतात. म्हणून प्रत्येक घडाचा कागद मणी न दुखावता सोडवून काढायचा होता. माझ्या हाताला पुन्हा तीच शाई लागली. काही घडांत एखाद-दुसरा मणी तडकलेला होता. सालीला देठाकडून बारीक उभी चीर गेलेली आणि तिच्यातून रस पाझरलेला. आप्पांची सून अशा मण्यांना बारीक कात्रीने हलकेच उडवत होती, म्हणजे शेजारचे मणी वाचतील. पलीकडच्या ओळीत आप्पांचा मुलगा औषध न भरता नुसताच फवारणीचा ब्लोअर चालवत होता, वाऱ्याच्या झोताने पानांवरचे पाणी झडावे म्हणून, कारण पान जितका वेळ ओले राहील तितकी डावणी या बुरशीच्या रोगाची भीती. दुपारनंतर उघडीप मिळाली की फवारणी करायची होती. गारा मखमलाबादकडे थोडक्यात आटोपल्या होत्या, पूर्वेकडच्या गावांत त्या जास्त वेळ पडल्याचे ऐकू येत होते. माझे भिजलेले बूट मी तिथे कुणालाही सांगितले नाहीत.

निघताना आप्पा म्हणाले, “आभाळ फाटतंय. उद्या धुई पडणार. रस्त्यावर उतरू नका.”

त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे ठरले. पावसाने जमीन भिजलेली होती, शनिवारी रात्री आभाळ निरभ्र झाले, जमीन वेगाने थंड होत गेली आणि तिच्यालगतच्या ओल्या हवेतल्या बाष्पाचे जागच्या जागी बारीक थेंब होऊन धुके झाले. पहाटे पाचला स्कूटर काढली तर दिव्याच्या उजेडात पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसेना. गंगापूर रस्त्याने सोमेश्वरच्या पुढे धरणाच्या दिशेने जाऊन परतायचे असे आमचे ठरले होते, आणि अशा धुक्यात भाजीच्या गाड्या व ट्रक चालतात त्या रस्त्यावर धावणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. गटातल्या दोघांनी दौड सोमवारवर ढकलावी असे सुचवले. मला सोमवारी शाळा होती. सरांनी निर्णय दिला, धुके विरळ होईपर्यंत मैदानातच फेऱ्या मारायच्या.

साडेपाचला आम्ही सात जण सुरू झालो. ११ अंशांची थंडी, पण हवा पाण्याने भरलेली. मैदानाच्या कडेचे दिवे धुक्यात पिवळ्या गोळ्यांसारखे लटकत होते आणि पुढे धावणारा माणूस दहा-बारा पावलांवर नाहीसा होत होता. पावसाने वाट मऊ झाली होती, काही ठिकाणी पाय किंचित रुतायचा आणि प्रत्येक वेळी पोटरीला जास्त जोर लावावा लागायचा. एकाच बाजूला वळत राहिले तर आतल्या पायाचा गुडघा दुखतो, म्हणून दर अर्ध्या तासाने सर शिट्टी वाजवत आणि आम्ही दिशा बदलत असू. माझ्या भुवयांवर, हातावरच्या लवेवर आणि टोपीच्या काठावर बारीक थेंब जमले होते आणि ते पुसले तरी दोन फेऱ्यांत पुन्हा जमत. मी पाढा म्हणत होते. सुरुवातीला शेजारच्या मुलीला त्याचे नवल वाटले, पण पाचव्या-सहाव्या फेरीनंतर ती ‘तेरा पाचे पासष्ट’ला माझ्या आवाजात आवाज मिसळू लागली. वेग सात मिनिटे पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास राहत होता. तो तक्त्यातल्या वेगापेक्षा दहा-बारा सेकंदांनी संथ होता आणि गुरुवारी मी तो चालवून घेतला नसता.

खाण्यापिण्याची शिस्त मी त्या दिवशी काटेकोर पाळली. थंडीत तहान लागत नसली तरी दर तीन किलोमीटरला चार घोट पाणी, एक आड एक वेळ त्यात मीठ-साखर, आणि आठव्या किलोमीटरपासून दर पाऊण तासाला बिया काढलेले दोन खजूर किंवा राजगिऱ्याच्या चिक्कीचा तुकडा. स्नायूंत साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येते आणि मग पाय एकाएकी शिशाचे होतात, म्हणून ती संपण्याची वाट न पाहता आधीपासून थोडी थोडी भरत राहावी लागते. शर्यतीत काय खायचे ते याच दौडीत ठरवायचे असल्याने यात हयगय करून चालत नाही.

पावणेआठ वाजता सर बाहेर जाऊन रस्ता पाहून आले. त्र्यंबक नाक्याकडचे दिवे दिसू लागले होते. घड्याळात १८ किलोमीटर झाले होते. उरलेल्या १४ साठी आम्ही गंगापूर रस्त्याला लागलो आणि मऊ मातीनंतरचा टणक डांबरी रस्ता पायांना पहिली पाच मिनिटे अनोळखी वाटला. सोमेश्वरजवळ उजव्या हाताला नदीवरून धुके उठत होते आणि त्याच्या वरच्या कडेवर ऊन पडले होते. मी तिथे थांबले नाही, पण ते दृश्य माझ्या मनात अजून तसेच आहे. परतीच्या वाटेवर सत्ताविसाव्या किलोमीटरला पाढा ‘एकोणचाळीस’वर तुटू लागला. मी वेग कमी केला, दोन मिनिटे चालले, पाणी प्यायले आणि पुन्हा धावू लागले. तिसावा किलोमीटर आला तेव्हा पाय जड होते, पण बंद पडले नव्हते. ३२ किलोमीटर चार तास नऊ मिनिटांत पूर्ण झाले. कागदाने वाळवलेले बूट आतून कोरडेच राहिले होते आणि पायाला एकही फोड नव्हता.

आठवड्याची बेरीज ६८ ऐवजी ६३ भरली. सरांनी माझ्या वहीत गुरुवारच्या आकड्यांभोवती चौकट आखली आणि रविवारच्या आकड्यांखाली रेघ मारली. आप्पांची ३२ किलोमीटरची दौड मात्र राहूनच गेली. मंगळवारी संध्याकाळी फवारण्या आटोपल्यावर ते एकटेच २० धावून आले, पण त्या वयात शर्यतीला तीन आठवडे राहिले असताना त्याहून लांब दौड नव्याने घेणे धोक्याचे म्हणून सरांनी त्यांना थांबवले. हवामान बिघडले की माझी एक दौड फार तर मैदानात जाते. त्यांचे वर्षाचे उत्पन्न आणि सराव दोन्ही एकाच वेळी पणाला लागतात. याची मला तोपर्यंत नीट कल्पना नव्हती, हे मी इथे मोकळेपणाने नोंदवते.

शर्यतीच्या पहाटे मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर उभी राहिले तेव्हा न धावताच मानेवर घाम आला. हवा ओळखीची होती, त्या गुरुवारचीच. मी पहिल्या किलोमीटरपासून पाढ्याने धावले. सी लिंकवर समुद्राचा वारा होता तेव्हा ‘बावन्न’च्या पुढे ‘पासष्ट’पर्यंत एका श्वासात जात होते, आणि परतीच्या पेडर रोडच्या चढावर, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, ‘सव्वीस’च्या पुढे काही केल्या जाता येईना, तेव्हा ठरल्याप्रमाणे चालले. आजूबाजूला माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान माणसे कडेला बसून पाय चोळत होती. पाच तास अकरा मिनिटे लागली. पाच तासांच्या आत येण्याचे उद्दिष्ट हुकले, पण शेवटचे चार किलोमीटर मी सलग धावले. आप्पांच्या पोटरीत छत्तिसाव्या किलोमीटरला गोळा आला. त्यांनी उरलेले अंतर चालत पूर्ण केले आणि माझ्यामागून वीस मिनिटांनी आले.

त्याच आठवड्यात त्यांच्या सप्टेंबर छाटणीच्या प्लॉटची तोडणी सुरू झाली. पावसाने जे गेले ते गेले, पण निम्म्याहून जास्त माल चांगला निघाला, असे त्यांनी फोनवर सांगितले. शुक्रवारी पहाटे मी पाय मोकळे करायला गोल्फ क्लबवर गेले तर ते आधीच आलेले होते. पारा पुन्हा नऊवर उतरला होता आणि त्यांच्या स्वेटरला धुराचा वास येत होता.